धुलाईच्या खोलीतली पावलं

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, आमची गिऱ्हाइकं, कोण कुठले बघे, सगळे माना उंच करून आमच्या धुलाईच्या खोलीकडे बघत होते. दारात भूत उतरवणारा एक बाबा पिंजरा घेऊन उभा. पिंजऱ्यात एक हिरवा पक्षी, मस्त टुणटुण उड्या मारणारा.

“विज्ञान, विज्ञान करता ना?” बाबाने दुसऱ्या हातातला मोबाइल वर धरला. “हा बघा तुमचा इंटरनेटवरचा ज्ञानकोश! जहाज सापडलं, आतली माणसं गायब. अख्खं गाव नाचत सुटलं, कुणाला कारण माहीत नाही. न उलगडलेली रहस्यं, अशी यादीच दिलीय! शास्त्रज्ञांनी हात टेकले ना, की तिथे आम्ही हात घालतो!”

टाळ्या पडल्या. मी दात-ओठ खात उभा. आमचा धंदा कपडे धुण्याचा. डाग कशाचा ते आधी विचारायचं, मग औषध लावायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. हा गडी डाग न बघताच नुसता फेस काढत होता.

पण आई खंगत चालली होती, हे मात्र खरं. या धुलाईच्या खोलीत दिवसभर गॅसचा गीझर चालू, गरम पाण्याचे टब भरलेले, आणि आई तिथेच स्टुलावर बसून कॉलर घासायची. आधी तिचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. मग मागून कुणाची तरी पावलं ऐकू यायला लागली. छातीवर कुणी हात दाबून धरतंय, म्हणायची. खरं सांगतो, मीही तिथे जास्त वेळ बसलो की पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं आणि अंगावर काटा यायचा.

बाबाला आणलं मामाने. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्याच वरच्या मजल्यावर राहणारा. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा आईने स्वतःची शाळा सोडली आणि त्याला लहानाचा मोठा केला. “ताईसाठी वाट्टेल ते करीन,” म्हणताना त्याचे डोळे भरून यायचे. फक्त त्या खोलीत काही पाऊल टाकायचा नाही. उंबऱ्यातूनच बोलायचा. “मला नाही रे सोसवत तिथलं,” म्हणायचा. आम्ही त्याला भित्री भागूबाई म्हणून चिडवायचो.

बाबाचा पहिला उपाय होता, “खिडक्या बंद! फटी बुजवा! ते बाहेरून येतंय.” चिकटपट्टीची रिळं मामानेच आणून दिली. उंबऱ्यातूनच. फटी बुजल्या आणि भूत दुप्पट माजलं. आईला उभं राहवेना.

“बघितलंत? चवताळलंय!” बाबा खूश.

आणि आता हा पिंजरा. बाबाने तो आत स्टुलावर ठेवला आणि दारातूनच मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. गीझर चालूच होता. बऱ्याच वेळाने पक्षी डुलायला लागला आणि दांडीवरून धप्पकन खाली पडला. जिना किंचाळला. मी पक्ष्याकडे नाही, बाबाकडे बघत होतो. त्याचा चेहरा पांढराफटक! जी काही हातचलाखी ठरवून आला होता, ती अजून त्याने केलीच नव्हती. पण गडी तयारीचा. पिंजरा उचलून गच्चीवर धावला, पक्ष्यावर फुंकरा मारत बसला. हळूहळू पक्ष्याने डोळे उघडले.

“मेलेला उठवला!” एकच जल्लोष झाला.

त्या भरात बाबाने शेवटचा उपाय सांगितला. “आज ताईंना आत एकटं बसवा. दार बाहेरून बंद. पाणी तापत राहू दे. सकाळी दार उघडाल तेव्हा भूत गेलेलं असेल.”

मामाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग पाठ फिरवून जिना चढून वर निघून गेला.

“माझ्या आईला कोंडणारा अजून जन्माला यायचाय!” मी ओरडलो आणि तिला रिक्षात घालून डॉक्टरबाईंकडे नेलं. लोकांनी मागून शिव्या घातल्या. घाला, म्हटलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आईला विचारलं, “भूत आलंय का बरोबर?”

आईने विचार केला. “नाही हो. इथे जरा हलकं वाटतंय.”

“घरात चढतं, बाहेर उतरतं. आणि पक्षीही पडला. आता मला सांगा, त्या पक्ष्याला भुताची गोष्ट कुणी सांगितली होती?”

त्यांनी आईचं रक्त तपासायला घेतलं, तिला नाकाला प्राणवायूची नळी लावून झोपवलं, आणि माझ्याबरोबर घरी आल्या. खोलीत शिरताच गीझर बंद केला, पट्ट्या टराटरा फाडून खिडक्या उघडल्या.

“याचा धूर जातो कुठून?”

पाइप भिंतीतून बाहेर जाऊन वर चढलेला. आम्ही मागच्या बोळात जाऊन वर बघितलं. मामाच्या नव्या काचेच्या बाल्कनीखाली पाइप कापलेला, तोंडावर पत्र्याचं झाकण, वर सिमेंट, आणि त्यावर भिंतीचाच रंग.

“धूर कोंडला की गॅस नीट जळत नाही,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. “कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातली प्राणवायूची जागा तोच अडवतो. मग डोकं दुखतं, भास होतात, पावलं ऐकू येतात. पक्षी लहान, म्हणून आधी पडला. गच्चीवर हवा मिळाली, म्हणून उठला. फुंकर मारली नसती तरी उठलाच असता. यांना मात्र आज कोंडलं असतं, तर सकाळी उठल्या नसत्या. बाबांच्या त्या ज्ञानकोशात या वायूचंही पान आहे. तेवढं वाचायचं राहिलं वाटतं!”

बाबाला शोधलं, तर तो पिंजऱ्यासकट पसार.

आई घरी आली तेव्हा मामा जिन्याच्या तळाशी बसला होता. तिने फक्त एवढंच विचारलं, “तुला माहीत होतं?”

“मिस्त्री म्हणाला होता ताई, धोका आहे म्हणून. पण धूर काचेवर यायचा गं. पाइप वर न्यायचा तर नवी काच फोडावी लागली असती. मला वाटलं, थोडाफार निघून जाईल. मग तू आजारी पडलीस... म्हटलं, बाबाच्या हातून तुझं दुखणं थांबलं तर बरंच.”

“म्हणून तू आत येत नव्हतास!” माझा हात उठलाच होता. आईने तो धरला.

“भूतच असतं तर बरं झालं असतं रे,” ती मामाला म्हणाली. “भुताला मी माझ्या हाताने भरवलं नव्हतं.”

तो रडला. ती रडली नाही. आधार घेत घेत आत गेली आणि दार लावून घेतलं.

ती काच मी फोडली. पाइप वर नेला. आई हिंडू-फिरू लागली, पण जिन्यावर पावलं वाजली की अजून दचकते. आता ती पावलं मामाची असतात.

लोक अजून विचारतात, “बाबा खोटा, तर पक्षी उठला कसा?” अहो, न उलगडलेलं म्हणजे न उलगडणारं नव्हे! डोकं दुखलं तर आधी खिडकी उघडा. कधीपासून सुरू झालं आणि कुठे गेलं की थांबतं, एवढं स्वतःला विचारा. आणि भुतावर उपाय घेऊन आलेला माणूस उंबऱ्यावरच उभा राहत असेल, मग तो बाबा असो की सख्खा मामा, त्याला हाताला धरून आत आणा आणि तुमच्या शेजारी बसवा.