एका वेळी एकच माणूस

मी खुर्ची बोलतेय. न्यू ब्रायटन या काळ्या लोकांच्या वस्तीत वेलिलेचं घर आहे, त्याच्या स्वयंपाकघरातली, आल्यागेल्याला बसायला ठेवलेली. पाठ जरा डुगडुगते, पण मोडत नाही मेली.

वेलिले शाळामास्तर. माझ्यासमोर बसून त्यानं दोन कादंबऱ्या लिहिल्या, मग नाटकं. चर्चच्या हॉलमध्ये प्रयोग व्हायचे तेव्हा माणसं खिडक्यांत चढून बघायची. गोऱ्या सरकारला तेच खुपलं. दुकानांतून पुस्तकं उचलली आणि हुकूम आला: वेलिलेनं काही छापायचं नाही, हॉलकडे फिरकायचं नाही, आणि एका वेळी एकाच माणसाला भेटायचं. दोन आले की जमाव.

अहो, अशानं नाटक बसतं का? यानं बसवलं. एकेक नट यायचा, माझ्यावर बसून आपली वाक्यं म्हणायचा. बाकी सगळ्यांची वाक्यं वेलिलेच म्हणायचा. तेवढा वेळ, आत तिसरं माणूस नको म्हणून, त्याची बायको थांडेका अंगणात वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायची.

"शेजारीण विचारते, तुझे कपडे वाळतच नाहीत का गं," ती एकदा म्हणाली.

"नाटक बसलं की वाळतील," तो हसला. मग म्हणाला, "थांडेका, हे सगळे एकत्र बोलताना एकदा तरी ऐकायचेत मला."

एका दुपारी फेझिवे आली होती. मुलाला हाकलून देणाऱ्या आईचं काम तिचं. मुलाचं काम करणारा माखाया कुंपणापाशी आपल्या पाळीची वाट बघत होता. "या घरात तुला जागा नाही," फेझिवे म्हणाली, ते त्यानं ऐकलं. नटच तो, राहवतंय कुठलं! बोलतच आत शिरला, "मग कुठं आहे, आई?"

वेलिलेनं त्याला तिथल्या तिथे परतवायला हवं होतं. पण वेलिलेचा चेहरा असा उजळला!

"परत म्हणा," तो म्हणाला. "दोघंही."

समोर गाडीत पाळत ठेवून बसलेल्या पोलिसांना तेवढंच हवं होतं. वेलिलेला उचलून नेलं. तुरुंगातून तो खोकतच परतला आणि त्याच हिवाळ्यात गेला.

आमच्यात माणूस गेलं की खोलीतलं सामान बाहेर काढतात, बायको जमिनीवर गादी टाकून बसते. मलाही अंगणात ठेवलं. आत थांडेकाभोवती सगळे नट जमले. फेझिवेनं सुरुवात केली, माखायानं उत्तर दिलं, मग बाकीचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खं नाटक झालं. इतके दिवस मी त्याचे तुकडेच ऐकत होते. ज्याला ऐकायचं होतं तोच नव्हता. मला फार फार वाईट वाटलं.

आता मी परत आत आहे. कुणी आलं की थांडेका मला पुढे सरकवते. बसा, खुशाल बसा. पण बाबांनो, एकटे येऊ नका.