डावखुऱ्या तांबटांची गल्ली

बायको गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत स्लाइडवाल्याने प्रोजेक्टरवरचं कापड एकदाही काढलं नव्हतं. कापड तिनेच शिवलेलं, जुन्या पडद्याचं. आठवड्यातून एकदा तो त्याच्यावरची धूळ झटकायचा, एवढंच.

स्लाइडवाला हे नाव त्याला लोकांनी दिलेलं. नोकरी फोटो धुण्याच्या दुकानात. लोक सुटीत खंडभर फिरून यायचे आणि फिल्मची रिळं त्याच्याकडे टाकायचे. खंड म्हणजे तरी केवढा! एका टोकाला बर्फ वितळत नाही आणि दुसऱ्या टोकाला पाऊस पडलेला कुणाला आठवत नाही. मधे मिठाची मैदानं, काळ्या वाळूचे किनारे, तीन दिवस चाललं तरी न संपणारी जंगलं. हे सगळं त्याच्या हातून ओल्या फिल्मवरून जायचं. एखादी स्लाइड आवडली, तर तो गिऱ्हाइकाला विचारून तिची नक्कल करून घ्यायचा आणि घरी आणायचा.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. सगळे तिला भूगोलबाई म्हणत. तिला नुसत्या चित्राने समाधान व्हायचं नाही. ती त्या गिऱ्हाइकाला घरी चहाला बोलवायची आणि त्याची उलटतपासणी घ्यायची. किती चालावं लागतं, सावली कुठे मिळते, आणि शेवटी, परत जाल का. परत जाल का ह्यावर माणूस जरा जरी अडखळला, तरी ते ठिकाण बाद. एका फार नावाजलेल्या राजवाड्यावर तिने अशीच फुली मारली होती. पाच जणांना विचारलं, आणि चौघांना तिथलं काय आठवत होतं, तर पुढच्या माणसाची पाठ. अशी गाळून गाळून चाळीस ठिकाणं उरली. त्या चाळीस ठिकाणांचा त्यांनी कार्यक्रम केला, ‘खंडातली पाहायलाच हवीत अशी चाळीस ठिकाणं’. बावीस वर्षं केला. ग्रंथालयात, शाळांमधून, निवृत्त लोकांच्या मंडळात. ती पडद्याशेजारी उभी राहून बोलायची, हा मागे अंधारात यंत्र चालवायचा. तिने काठी जमिनीवर एकदा आपटली की पुढची स्लाइड.

चाळिसातलं एकही ठिकाण दोघांनी पाहिलेलं नव्हतं. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलीचं शिक्षण, मग बायकोचे गुडघे. कुणी विचारलं तर ती म्हणायची, आम्ही गेलो तर दिवे कोण मालवणार?

आता ग्रंथालयाच्या बाईंनी निरोप पाठवला होता. रविवारी दुपारी भूगोलबाईंच्या आठवणीसाठी कार्यक्रम एकदा करू या. बाईंच्या वहीतून मुलगी वाचेल, तुम्ही फक्त यंत्र सांभाळा. आणि चाळीस ठिकाणांची माहिती छापून एक छोटी पुस्तिका काढू, म्हणजे बाईंचं काम राहील. स्लाइडवाल्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कापड काढलं. पुस्तिका निघाली तर ती जे बोलायची ते तरी जाणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

कार्यक्रमाला चार दिवस असताना पोस्टमास्तर दारात उभे राहिले. निवृत्त माणूस, गेली दहा वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत. हातात प्रवासाची उन्हाने विटलेली टोपी.

“एक विचारू? राग नाही ना यायचा?”

“राग येण्यासारखं असेल तर येईल. विचारा.”

पोस्टमास्तर तांबट गल्लीला जाऊन आले होते. तेविसावी स्लाइड. दगडी फरसबंदीची गल्ली, दोन्ही बाजूंना सात तांबट बसलेले, सगळ्यांच्या हातोड्या एकदम वर गेलेल्या. भूगोलबाई म्हणायच्या, “ह्या गल्लीची एक गंमत बघा. इथले तांबट झाडून सगळे डावखुरे. बापाचं बघून मुलगा शिकतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हातोडी डाव्याच हातात.” लोक मान पुढे करून बघायचे, आणि खरंच सातही जणांची हातोडी डाव्या हातात असायची. दर वेळी हशा. ते एवढं बघायला पोस्टमास्तर दोन दिवस आगगाडीने आणि अर्धा दिवस बसने गेले होते.

“सगळे उजव्या हाताने ठोकतात,” पोस्टमास्तर म्हणाले. “मी टोकापासून टोकापर्यंत दोनदा फिरलो. एका म्हाताऱ्याला खुणेने विचारलं, डावा हात? त्याला वाटलं माझा हात दुखतोय. त्याने तेल आणून दिलं.”

स्लाइडवाल्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, तुम्ही दुसऱ्याच गल्लीत शिरला असाल. पोस्टमास्तर म्हणाले, उभा जन्म पत्ते शोधण्यात गेला, मी चुकीच्या गल्लीत शिरेन? मग जरा घुटमळून ते खरं बोलायचं ते बोलले. “बाईंनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल. लोकांना रस वाटावा म्हणून. पण एक मनाचं असेल, तर बाकीच्या एकोणचाळिसांचं काय धरायचं? मंडळात चार जण हेच म्हणत होते.”

म्हणजे आधी मंडळात बोलून मग इथं विचारायला आले होते. स्लाइडवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकाशात नदी बोटभर सरकली तर मार्क कापणारी बाई मनाचं सांगेल? त्याने पोस्टमास्तरांना चहा विचारला नाही. तिच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला. फार मऊ आवाजात त्या म्हणाल्या, छापण्याआधी सगळं एकदा कुणा जाणत्याकडून तपासून घ्यायचं का? नाहीतर पुस्तिकेची घाई नको.

फोन ठेवून तो तेविसावी स्लाइड घेऊन बसला. खालून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवून डोळ्याला भिंग लावलं. सगळ्यांच्या हातोड्या डाव्या हातात. बघा, काय खोटं आहे? मग त्याचं लक्ष सदऱ्यांवर गेलं. दोघांच्या सदऱ्याला खिसा होता, आणि दोन्ही खिसे उजव्या छातीवर होते. माणूस पिढीजात डावखुरा असेल. शिंपीही त्याच गल्लीतला असेल, असं त्याने क्षणभर स्वतःला समजावून पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

स्लाइड उलटी होती.

ह्या कामाचा एक नियम असतो. फिल्मची एक बाजू चकचकीत, एक मंद. चकचकीत बाजू दिव्याकडे, मंद बाजू पडद्याकडे. तसं लावलं की डावं ते डावं आणि उजवं ते उजवं दिसतं. चाळीस वर्षांत ह्या नियमाने त्याला दगा दिला नव्हता. पण ती स्लाइड एका गिऱ्हाइकाने आणली तेव्हाच ती दुसऱ्या कुठल्या दुकानात काढलेली नक्कल होती, आणि काही नकलांमध्ये बाजू उलटलेली असते, म्हणून नियमाने लावली तरी डावं-उजवं उलटं पडतं. ह्याने चित्राकडे न बघता मंद बाजू बघितली आणि नियमाने नक्कल केली. मूळ स्लाइड परत गेली. दुकानात नव्याने आलेल्या पोरांना तो स्वतः हेच बजावायचा, नकलेला नियम लावू नका, चित्र बघा.

आयुष्यात त्याला एकाच गोष्टीचा ताठा होता. आपली स्लाइड कधी उलटी लागत नाही. बायको चारचौघांत म्हणायची, “ह्यांना बाजारातून दोन वस्तू सांगा, एक विसरतील. पण स्लाइड? काळ्या दगडावरची रेघ.”

मग त्याने तिची वही काढली. तेविसावं पान. तिच्या नीटस अक्षरात त्या गिऱ्हाइकाने सांगितलेलं सगळं उतरलेलं होतं. किती चालायचं, सावली दुपारी डाव्या ओट्यावर, परत जाईन म्हणाले. त्याखाली लिहिलं होतं, सातही जण उजव्या हाताने एका तालात ठोकतात आणि डाव्याने भांडं फिरवतात. ‘उजव्या’वर एक रेघ मारून वर ‘डाव्या’ केलेलं, आणि ‘डाव्या’वर रेघ मारून ‘उजव्या’. शाई वेगळी. बाजूला तारीख. ती तारीख त्याला पाठ होती. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाची.

म्हणजे पहिल्याच दिवशी, भर सभेत, पडद्यावर उलटं चित्र पडलेलं तिने बघितलं. नवरा मागे यंत्राशी छाती काढून उभा. तोंडातलं वाक्य तिने तिथल्या तिथे फिरवलं, आणि वर पिढ्यान्‌पिढ्यांचं ठिगळ लावलं. लोक हसले. घरी येऊन तिने वही दुरुस्त केली, आणि बावीस वर्षं ह्याला चकार शब्दाने सांगितलं नाही.

आणि त्याला आठवलं. ह्या स्लाइडला ती बोलायच्या आधी दर वेळी थोडी थांबायची आणि मागे त्याच्याकडे बघायची. त्याला वाटायचं, चित्र धूसर दिसतंय. मग तो यंत्राचं भिंग पुढेमागे करायचा. बावीस वर्षं ती बघत राहिली आणि हा भिंग फिरवत राहिला.

मुलगी शनिवारी आली. त्याने तिला सगळं दाखवलं. तिने वहीवर हात ठेवला. मग डोळे पुसत म्हणाली, “आई म्हणजे आईच.” तिचा सल्ला व्यवहारी होता. ती स्लाइड सरळ करून लावायची, मी उजव्या हाताने असं वाचते, विषय संपला. नाहीतर ती वगळू, एकोणचाळीस दाखवू. कोण मोजतंय?

“पोस्टमास्तर मोजतील,” तो म्हणाला.

“मग मोजू देत. तुम्ही ह्या वयात चारचौघांत कशाला स्वतःचं हसं करून घेता, बाबा?”

स्लाइड गुपचूप सरळ केली, तर त्याचं झाकलं जात होतं. पण मग भूगोलबाई रंगवून सांगायच्या हे लोकांच्या मनात कायमचं बसणार होतं, आणि पुस्तिका निघणार नव्हती. दोघांपैकी एकाचंच नाव राखता येत होतं. तिने बावीस वर्षं त्याचं राखलं होतं. त्याने स्लाइड होती तशीच, उलटी, ट्रेमध्ये ठेवली.

रविवारी दुपारी ग्रंथालयाचा हॉल भरला. काळे पडदे ओढले तरी एका फटीतून उन्हाची रेघ येत होती. ग्रंथालयाच्या शिपायाने तिथे वर्तमानपत्र चिकटवलं. पोस्टमास्तर पहिल्या रांगेत होते, पण मान खाली. मुलगी वाचायला लागली. आवाज आईचा नव्हता, थांबण्याच्या जागा मात्र आईच्या होत्या. बर्फाची दरी, मिठाचं मैदान, काळी वाळू. बाविसावी स्लाइड झाली. त्याने बटण दाबलं, आणि पडद्यावर सात तांबटांनी डावे हात उचलले.

“थांब, मी सांगतो,” तो अंधारातून म्हणाला. लोकांच्या माना मागे वळल्या. ह्या माणसाचा आवाज कार्यक्रमात कुणी कधी ऐकला नव्हता.

त्याने जेवढं होतं तेवढं सांगितलं. की स्लाइड उलटी आहे. की ती उलटी त्याने केली, आणि कशी केली. की बायकोच्या वहीत पहिल्यापासून उजवा हात लिहिलेला आहे, ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं. की त्याची चूक दिसू नये म्हणून ती खोटं बोलली, एवढं एकच. बाकीच्या एकोणचाळीस पानांवर खाडाखोड नाही. बोलताना त्याची जीभ दोनदा अडखळली. मग त्याने स्लाइड बाहेर काढली, बोटांना चटका बसला, ती फिरवली आणि परत लावली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागून एक बाई हळूच म्हणाली, अगंबाई. पोस्टमास्तर उठून उभे राहिले, आणि पडद्यावर त्यांच्या डोक्याची सावली पडली.

“स्लाइडवाले, मी तुमचा अपराधी आहे. बाईंचा जास्त.” ते थांबले. “पण एक सांगतो. आमची ही गेल्यापासून मी सहा वर्षं घराबाहेर पडलो नव्हतो. डावखुरे तांबट म्हणून गेलो. उजव्या हाताचे असते, तर कोण मरायला जातंय तिथं?”

आता मात्र हॉल हसला. जुना, ओळखीचा हशा. ग्रंथालयाच्या बाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. पोस्टमास्तर खाली बसले, आणि कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मुलीने विचारलं, पुढची लावायची का?

“जरा बघू दे मला,” तो म्हणाला.

ही गल्ली त्याने शेकडो वेळा लोकांना दाखवली होती आणि स्वतः कधी बघितली नव्हती. त्याची नजर यंत्रावर असायची. आता गल्ली दुसऱ्याच बाजूला वळत होती. सावली डाव्या ओट्यावर होती, वहीत लिहिल्याप्रमाणे. एका तांबटाच्या मांडीवर अर्धवट ठोकलेली घागर होती. एक जण हातोडी उचलून शेजाऱ्याकडे बघून हसत होता. लोक वाट बघत होते. तिच्यासारखं काही सुचेल असं त्याला वाटत नव्हतं. तो यंत्रामागून पुढे आला आणि पडद्याशेजारी, पण तिच्या जागेपासून थोडा लांब, उभा राहिला.

“ही तांबट गल्ली,” तो म्हणाला. “इथले लोक तुमच्या-आमच्यासारखे उजव्या हाताने काम करतात. मी गेलेलो नाही, ही पण गेली नव्हती. पण जागा बघण्यासारखी आहे. जाऊन या.”