सदूच्या मशीनची चेन

तिसऱ्या दुकानातली चेनही सदूने पाकिटात घालून परत केली, तेव्हा सुचेताचा राग गेला आणि तिला भीती वाटायला लागली.

सदू झाडं छाटायची कामं घ्यायचा. सोसायटीतल्या फांद्या गाड्यांवर, गॅलऱ्यांवर झुकल्या की त्याला बोलावणं यायचं. मस्कतला असलेल्या मावसभावाने त्याला पेट्रोलवर चालणारी एक छोटी करवत आणून दिली होती. घरात तिला मशीनच म्हणत. मशीन आल्यापासून दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकायचं. पण महिन्यापूर्वी, नया नगरमध्ये काम चालू असताना तिची चेन तुटली. "तुटली चेन," एवढंच सदू घरी येऊन बोलला. तेव्हापासून मशीन पलंगाखाली पडून होतं. आता भाईंदर पश्चिमेच्या एका सोसायटीचं काम आलं होतं. महापालिकेची परवानगीही हातात होती. म्हणून सुचेता त्याला आज खारीगावातून ओढूनच चेन घ्यायला घेऊन आली होती.

पहिल्या दुकानात कंपनीची चेन होती. भाव ऐकून दोघंही गप बाहेर पडले. दुसऱ्या दुकानात चिनी चेन निम्म्याहून स्वस्त होती. सदूने ती बोटांत धरून एकेक कडी वाकवून बघितली.

"ढिली आहे."

तिसऱ्या दुकानातली त्याला घट्ट वाटली. दुकानदार हसत म्हणाला, "भाई, चेन लेनी है कि लड़की देखने आए हो?"

सुचेता हसली. सदू हसला नाही. डोक्यावर पंखा फिरत असूनही त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. मग तिच्या लक्षात आलं, तुटलेली चेन मापाला म्हणून पिशवीत आणली होती, पण ती बाहेर काढायचं काम त्याने तिन्ही दुकानांत तिलाच करायला लावलं होतं. त्याने त्या चेनला बोटही लावलं नव्हतं.

दुकानातून निघाल्यावर ती त्याला तलावाच्या कट्ट्यावर घेऊन गेली.

"अहो, खरं सांगा. तुम्हाला चेन घ्यायचीच नाहीये ना?"

सदूने कट्ट्यावरचा एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "ती नुसती तुटली नव्हती, सुचे."

"म्हणजे?"

"तिसऱ्या मजल्याएवढा वर होतो. शिरीषाचं झाड होतं, जाडं. लांबची फांदी घ्यायला बाहेर कललो होतो. सगळा भार कमरेच्या दोरावर. चेन तुटली आणि सापासारखी मागे आली. कानाजवळून गेली आणि दोरावर बसली."

सुचेताने त्याचा दंड घट्ट धरला.

"तीन पेड असतात ना दोराला. दोन कापले गेले. एकावर लटकलो होतो."

"आणि धाकू?" धाकू सदूचा चुलतभाऊ. खाली दोर धरायला तोच असायचा. सध्या लग्नासाठी गावी गेला होता.

"तो खाली फांद्या गोळा करत होता. विचारत होता, पेट्रोल संपलं काय? मला उत्तर देता येईना. श्वास घेतला तरी दोर कुरकुरायचा. मशीन कमरेला तसंच लोंबकळत चालू होतं."

"ओरडला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर अंग हललं असतं."

त्याने कसेतरी पाय खोडाभोवती आवळले, मग हात, आणि तसाच घसरत खाली आला. दोराचा तेवढा तुकडा कापून त्याने गटारात टाकला आणि धाकूला सांगितलं, दोर कुजला होता.

"हात सोलवटले होते तुमचे. साल घासली म्हणालात."

"साल घासलीच होती."

सकाळपासून सुचेता या माणसाला आळशी म्हणत होती, चालढकल करतोय म्हणून रस्त्यात चार माणसांसमोर बोलली होती.

"सोडून देऊ हे काम," ती म्हणाली.

"आणि करू काय? मला दुसरं येतं काय?" मग हळूच म्हणाला, "चेन कुठलीही घेतली तरी तुटू शकते. हातात घेतली की मला तेच दिसतं."

असंच घरी जाणं सुचेताला जमेना. तिने पिशवी उचलली. "अजून एक दुकान बघू. तुम्ही बोलू नका. मी बोलते."

मागच्या गल्लीत ईश्वरभाई पंप आणि मशीनं दुरुस्त करायचे. सुचेताने तुटलेली चेन त्यांच्या टेबलावर ठेवली. "भाईसाब, ये ऊपर टूटी। झाड के ऊपर। मेरा आदमी मरते मरते बचा।"

सदूने मान खाली घातली. ईश्वरभाईंनी चेन उजेडात नेऊन बघितली, मग सदूने आणलेली लोखंडी पट्टी बघितली, जिच्या खाचेतून चेन फिरते ती.

"चेन पतली है, खाँचा चौड़ा है," ते म्हणाले. "अंदर डोलती रही। ऊपर से दाँत भी घिसे हुए, तुमने ज़ोर लगाया होगा।"

"लगाया," सदू म्हणाला. या दुकानात तो पहिल्यांदाच बोलला.

"सस्ती लो, लेकिन नाप की लो।" त्यांनी मोठ्या रिळावरून चेनचा तुकडा मोजून कापला. पाकिटातल्या चेनपेक्षा थोडी महाग, कंपनीच्यापेक्षा बरीच स्वस्त. दोन्ही टोकं जोडून त्यांनी कडी ठोकली. ठोक्यागणिक सदूचे डोळे मिटत होते. मग त्यांनी चेन शिकंज्यात अडकवून पक्कडीने जोर लावून ओढून दाखवली, आणि सदूच्या हातात दिली. "नई है, थोड़ी खिंचेगी। बीच बीच में कसते रहना।"

सदूने ती जोडलेली कडी शोधली आणि घरी पोहोचेपर्यंत बोटाखालून सोडली नाही.

दुपारी खारीगावात, घरामागच्या मोकळ्या जागेत एक जुना ओंडका होता. सदूने चेन बसवली, दोरी ओढली. मशीन फटफटलं आणि सुचेता स्वतःच्याही नकळत भिंतीआड गेली. तिथून डोकं काढून ती बघत राहिली. चेन ओंडक्यात शिरली, भुसा उडाला, एक चकती खाली पडली. तेवढ्यात पट्टीखाली चेन लोंबली.

सदूने मशीन बंद करून जमिनीवर टाकलं आणि मागे सरत सरत थेट भिंतीला टेकला.

"तुटली?" तिने विचारलं.

"नाय. ताणली. ईश्वरभाई बोललाच होता." त्याला सगळं माहीत होतं, तरी त्याचे पाय पुढे येईनात.

मग सुचेता भिंतीआडून बाहेर आली. मशीन गार होईपर्यंत थांबली. "सांगा, काय करायचं?"

"बाजूचा स्क्रू फिरव. अजून. बास. आता फडकं घेऊन चेन हाताने ओढ."

तिने ओढली. चेन पट्टीवरून गुळगुळीत फिरली. तिच्या हाताला त्या दातांची धार फडक्यातूनही कळली, आणि हे मशीन घेऊन आपला नवरा इतकी वर्षं झाडाच्या टोकाला जात होता, हे तिला जणू त्याच क्षणी समजलं.

"हे वर न्यायचं नाही," ती म्हणाली. "वर हाताची करवत. मशीन जमिनीवर."

ती वाद घालायला तयार होती. सदू नुसता "बरं" म्हणाला, आणि त्याने इतका लांब श्वास सोडला की तिला रडू आलं.

सोमवारी सोसायटीत सदू दोन दोर बांधून चढला. धाकूच्या जागी सुचेता होती. गॅलरीतून सोसायटीच्या सेक्रेटरी मृणालिनी मॅडमनी विचारलं, "अहो, मशीन आहे ना? मग हाताने का कापतायत ते?"

"मशीन खाली चालणार, मॅडम. वर नाय."

"मग आज होणार नाही हे."

"उद्या पण येऊ आम्ही."

मॅडम नाराज झाल्या, पण उद्या गेट उघडं ठेवायला त्यांनी वॉचमनला सांगितलं.

सुचेताने वर बघायचं थांबवलं नाही. मान अवघडली. करवत थांबली की तिची मूठ दोरावर आवळायची, पुन्हा खरखर सुरू झाली की सैल व्हायची. फांद्या एकेक करून दोराने उतरत होत्या. दुपारी सदू खाली आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने बाटलीतलं अर्धं पाणी डोक्यावर ओतलं, मग मशीन चालू करून पडलेल्या फांद्यांचे तुकडे केले. चेन नीट चालत होती. तरी दर तुकड्यानंतर तो मशीन थांबवून वाकून बघायचा.

"अजून किती राहिल्यात?" त्याने विचारलं.

"तीन. एक रस्त्याच्या बाजूची, मोठी."

सदूने त्या फांदीकडे बघत तोंडावरचं पाणी पुसलं.

"चहा घेऊन चढतो," तो म्हणाला.

चहा झाल्यावर सुचेताने त्याच्या कमरेच्या दोन्ही गाठी स्वतः ओढून बघितल्या, एक सोडून पुन्हा बांधली, आणि मग त्याला वर जाऊ दिलं.