दुसरी साक्ष

घड्याळजींच्या घरात पक्षी बघण्याचा एक कायदा होता, आणि तो त्यांनीच केलेला. एकाने पाहिलेला पक्षी वहीत चढत नाही. दुसऱ्याने साक्ष द्यावी लागते. दरवर्षी समुद्रावर तंबू ठोकायचे, चार दिवस पक्षी बघायचे आणि यावरून भांडायचं. सुनेचे तर तीन पक्षी त्यांनी बाद केले होते. "इथे थापा चालत नाहीत हं, सूनबाई!"

यंदा मात्र म्हाताऱ्याच्या जिवाला घोर होता. भिंग लावूनही घड्याळाच्या चक्रांचे दात एकमेकांत मिसळायचे. डोळा गेला की दुकानातलं टेबल गेलं, आणि टेबल गेलं की आपण घरातली अडगळ, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकानात त्यांच्या हाताखाली काम करणारा मुलगा म्हणायचा, "बाबा, तुमच्या नजरेला तोड नाही. बसा बिनघोर."

सकाळी तंबूतून त्यांना खडकावर बगळा दिसला. "मलाही दिसला!" मुलगा म्हणाला. नातीने लिहून घेतला. नंतर ते पाय मोकळे करायला तिकडे गेले, तर खडकाच्या फटीत पांढरी पिशवी फडफडत होती.

बगळा उडाला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण मन कसलं ऐकतंय! परत येऊन ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तंबूच्या दोरीकडे बोट केलं. दोरी हातभर अंतरावर होती, तिच्यावर काही नाही हे त्यांनाही दिसत होतं.

"शू! खंड्या!"

"अगंबाई, हो की!" सून म्हणाली. "काय निळाशार आहे!"

मुलाने दुर्बीण लावली. हातभर अंतरावर दुर्बीण! "वा! चोचसुद्धा दिसतेय."

घड्याळजींनी हात लांब केला आणि दोरी मुठीत धरली.

"उडाला," मुलगा म्हणाला.

"आणि मी वर्षभर दुरुस्त केलेली घड्याळं? त्यांना दुसरी साक्ष कुणाची?"

मुलगा दुर्बिणीचा पट्टा गुंडाळत राहिला. "तुम्ही घरी गेलात की मी ती पुन्हा उघडून नीट करायचो, बाबा."

"सगळी?"

"सगळी."

"अरे, तोंडावर सांगायचं होतंस! टेबलावरून उठा म्हणाला असतास तर उठलो असतो. पोरासारखं खेळवलंत रे मला, सगळ्यांनी मिळून."

"चहा ओतू का?" सून म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खंड्या खोड," ते नातीला म्हणाले. "बगळाही."

पेन्सिल कागदावर खरखरली. "खोडले, आजोबा."

त्यांनी वही मागून घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. पानावर अक्षरांच्या जागी नुसती करडी धूळ दिसत होती. खोडले होते की नव्हते, कुणास ठाऊक. विचारायचं तरी कुणाला?