वजा चौदा किलो

बोलू का? मी सीट. ड्रायव्हरच्या शेजारची. लोक गाडी पाहायला येतात, इंजिनाबद्दल विचारतात, टायरबद्दल विचारतात, रंगाचंही कौतुक करतात. सीटची चौकशी आजवर एकानेही केलेली नाही. तेव्हा न विचारताच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. आत लोखंडी सांगाडा, त्यावर स्पंज, वर काळं कापड आणि कडेने लाल धाग्याची शिलाई. शिलाई घालणाऱ्या बाईंनी शेवटचा टाका मारून मला दोनदा थोपटलं आणि त्या पुढच्या सीटकडे वळल्या. माझी जुळी बहीण ड्रायव्हरच्या जागी गेली, मी तिच्या शेजारी. आमची गाडी दोनच माणसांची, बुटकी आणि हलकी. छप्पर इतकं खाली की आत शिरताना भल्याभल्यांना मान तुकवावी लागते.

आमचा मालक दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बसायचं आणि रविवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवायची, हा त्याचा नेम. ट्रॅक नऊ वळणांचा. जिथून निघालो तिथेच परत यायचं, आणि तेही लवकरात लवकर. माणसांना यात काय मिळतं ते मला ठाऊक नाही. डॉक्टरला मात्र एकच ध्यास होता : दीड मिनिटाच्या आत फेरी. त्याची वेळ दीड मिनिट आणि वर एक-दीड सेकंद, याच्या खाली काही केल्या उतरत नव्हती.

गाडीची देखभाल तो जीव लावून करायचा, हे कबूल केलं पाहिजे. ट्रॅकवरून आलं की आधी चाकं काढायची. ब्रेकच्या मागची बाजू दिसत नाही म्हणून दवाखान्यातला तो दांडीचा इवला आरसा आत घालायचा आणि सवयीने म्हणायचा, "जरा मोठा आ करा." ब्रेकचं तेल बदलायचं, चाकांचे नट मोजून आवळायचे, आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ हलली तर नट ढिला झाला, असा हिशोब. त्याच्या बायकोचं म्हणणं होतं की एवढं लक्ष घरातल्या गळक्या नळाकडे दिलं असतं तर नळानेही दीड मिनिटात फेरी मारली असती.

मग कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की वेग वाढवायचा तर वजन घटवा. झालं. सुटं चाक गेलं, जॅक गेला, रेडिओ गेला, पायाखालचा गालिचा गेला. पत्र्याला चिकटवलेला डांबरी थर त्याने दातांवरचं कीटण काढायच्या हत्याराने तीन रविवार खरवडला. जे निघेल ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं आणि वहीत लिहायचं. गॅरेजवाला मिस्त्री त्याला तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणायचा आणि पाठ वळली की छटाक डॉक्टर. माझ्या जुळ्या बहिणीलाही त्याने काढलं आणि तिच्या जागी पातळ टरफलासारखी एक शर्यतीची सीट आणली. तिच्यात शिरताना डॉक्टरचं पोट आडवं यायचं.

हे सगळं बाजूला उभे राहून पाहायचे ते त्याचे वडील. बाबा. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. त्यांचा अभिमान एकच : त्यांच्या बसमध्ये उभा असलेला माणूस कधी धडपडला नाही. कंडक्टर दांडी न धरता पेन्सिलीने लिहायचा आणि अक्षर वाकडं येत नसे.

"वजन कमी करायचंय ना?" बाबा एकदा म्हणाले. "मग पट्ट्याच्या वरून सुरुवात कर की."

डॉक्टर हसला नाही. वहीत त्याने स्वतःचं पान उघडलंच नव्हतं.

माझ्यावर बसायचे ते हेच बाबा. आणि खरी गंमत त्यांच्या उजव्या पायाची. माझ्यासमोर ब्रेक नाही, नुसता पत्रा आहे. पण वळण जवळ आलं की बाबांचा पाय त्या पत्र्यावर पडायचा. तोंडातून शब्द नाही, कपाळावर आठी नाही, नुसता पाय. प्रत्येक वळणाच्या थोडं आधी, हलका दाब, मग सावकाश सोडणं. आमचा डॉक्टर त्यानंतर कुठेतरी जागा व्हायचा आणि कचकन ब्रेक मारायचा. पत्र्यावरचा रंग त्या जागी उडून बुटाच्या टाचेएवढा पांढरा डाग पडला होता.

"बाबा, पाय आवरा."

"मी काही बोललो का?"

"पाय बोलतोय ना."

त्या दिवशी परतीच्या वाटेवर बाबांनी डावा पाय उजव्यावर दाबून धरला. वरचा पाय गप्प होता. खालच्याचा अंगठा बुटात प्रत्येक वळणाला दबत होता, ते मला कळत होतं. मी त्यांच्याच भाराने दबलेली होते, मला कसं नाही कळणार?

पुढच्या शनिवारी डॉक्टर पाना घेऊन आला आणि माझे चारही बोल्ट काढले. बाबा फिरायला जायची टोपी घालून दारात उभे होते.

"चौदा किलो भरते ही," डॉक्टर त्यांच्याकडे न पाहता म्हणाला. "एवढं ओझं उगाच कशाला?"

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मी सदुसष्ट."

वहीत फक्त 'सीट : वजा चौदा' एवढंच लिहिलं गेलं. मला तेव्हा वाईट वाटलं. माझ्यासाठी कमी, त्या टोपीसाठी जास्त.

भंगारात जायची वेळ माझ्यावर आली नाही. बाबांनी जुन्या कपाटाच्या फळ्या कापून पाट केला, त्यावर मला ठोकलं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. खाली रस्त्याला शाळेजवळ एक काटकोनी वळण आहे. संध्याकाळी पाच ते सात बाबा माझ्यावर बसून त्या वळणावरच्या प्रत्येक वाहनाला ब्रेक लावायचे. रिक्षा, ट्रक, स्कूटर, पाण्याचा टँकर, कोणी सुटायचं नाही. पायाखाली ते वर्तमानपत्राची घडी ठेवायचे, दर चार दिवसांनी ती फाटायची. अख्ख्या रस्त्याचा भार वाहणारा हा माणूस, पण पोराच्या गाडीला तो जड झाला होता.

डॉक्टरला एवढं करून किती मिळालं? पाऊण सेकंद. दीड मिनिट अजून अर्ध्या सेकंदाने दूरच होतं, आणि काढायला गाडीत आता आरसे तेवढे उरले होते.

मग एका रविवारी तो ट्रॅकवरून तोंड पाडून आला. गॅलरीचं दार उघडं होतं, जेवताना बायकोला सांगत होता ते मी ऐकलं. ट्रॅकवर शिकवणाऱ्या एक बाई आहेत, जुन्या शर्यतपटू. याने त्यांना गळ घातली, माझा वेळ कुठे जातो तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, "सोपं आहे. दोन फेऱ्या शेजारी बसते, सगळं सांगते." हेल्मेट घालून त्यांनी दार उघडलं, आत पाहिलं आणि विचारलं, "बसू कुठे?"

याने अभिमानाने चौदा किलोंची गोष्ट ऐकवली.

"त्यात तुमचा पाव सेकंद वाचला असेल," बाई म्हणाल्या. "वळणांवर दोन जातात, ते शोधायला माणूस लागतो. सीट घेऊन या."

डॉक्टरची बायको वाढता वाढता इतकी हसली की डाव खाली पडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गॅलरीत येऊन उभा राहिला. बाबा माझ्यावर बसले होते, खाली एक टेम्पो वळत होता.

"बाबा, ती... सीट हवी होती जरा."

बाबा लगेच उठले. तळहाताने त्यांनी मला झटकलं. "घे की. तुझीच आहे." माझ्यावर कोण बसणार, हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारतील या भीतीने डॉक्टर खाली मान घालून पाटाचे खिळे उपटत होता. मग त्याला आठवलं की मूळचे बोल्ट त्याने केव्हाच फेकून दिले होते.

बाबा आत गेले आणि काचेची बरणी घेऊन आले. चारही बोल्ट त्यात होते, पुसलेले, तेल लावलेले.

"केराच्या डब्यात होते," ते म्हणाले. "म्हटलं, लागतील."

रविवारी बाबाही ट्रॅकवर आले, कारण फेरीची वेळ घ्यायला हातात घड्याळ धरून कोणीतरी हवं होतं. ते कठड्याशी बसले आणि माझ्यावर बाई बसल्या. पहिलं वळण आलं आणि मी दचकले. बाईंचा उजवा पाय पत्र्यावर पडला होता, नेमका त्या पांढऱ्या डागावर. थोडा आधी, हलका दाब, मग सावकाश सोडणं. मागून आमच्या डॉक्टरचं कचकन.

दोन फेऱ्या झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही उशिरा आणि घाबरून ब्रेक मारता. गाडी नाकावर आपटते, मग सावरण्यात वेळ जातो. थोडं आधी दाबा आणि हळूहळू सोडा. मागे माणसं उभी आहेत असं समजा."

 डॉक्टर डागाकडे पाहत म्हणाला, "आमच्या बाबांचा पाय इथेच पडायचा."

"मग मला कशाला बोलावलंत?" बाईंनी हेल्मेट काढलं. "काखेत कळसा आणि नऊ वळणांचा वळसा."

त्या उतरल्या.  डॉक्टर त्यांचं हेल्मेट उचलून कठड्याशी गेला.

"बाबा, बसता का?"

"सदुसष्ट किलो?"

"एकोणसत्तर तरी दिसताय."

"गॅलरीत बसून वाढले," बाबा म्हणाले आणि आले.

इतक्या महिन्यांनी तो भार अंगावर आला आणि माझा स्पंज सुखावला. गाडी निघाली. बाबांच्या एका हातात घड्याळ होतं, दुसरा गुडघ्यावर. पहिल्या वळणाआधी त्यांचा पाय उचलला गेला आणि तसाच थांबला, कारण ब्रेक लागून चुकला होता. हलका दाब, मग सावकाश सोडणं. दुसऱ्या वळणाला पाय जेमतेम हलला. चौथ्यानंतर तो पत्र्यावर नुसता ठेवलेला होता, घरात बसल्यासारखा. आणि आम्ही अशा वेगाने वळत होतो की माझी लाल शिलाई कुरकुरत होती. नऊही वळणं गेली. पाय पडला नाही.

"किती?" डॉक्टरने धापा टाकत विचारलं.

बाबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. तिथे सगळी शून्यं होती.

"दाबायचं राहिलं रे," ते म्हणाले. "पाय आवरण्याकडे लक्ष होतं."

ती फेरी दीड मिनिटाच्या आत होती की नाही, कोणालाच माहीत नाही. मला विचाराल तर होती, पण माझी साक्ष कोण धरतो? त्यानंतर पुष्कळ फेऱ्या झाल्या. बाबा घड्याळ एक तर आधी दाबतात किंवा नंतर, त्यामुळे वहीत जुनाच आकडा आहे. बाईंकडून वेळ मोजून घे, असं बायकोने दोनदा सुचवलं. डॉक्टर म्हणतो, बघू.

एक सांगायचं राहिलं. ट्रॅकवर गप्प असलेला तो पाय घरी येताना शाळेजवळच्या वळणावर हटकून पडतो. तिथे आमचा वेग सायकलीएवढा असतो. डॉक्टरही ब्रेक दाबतो.

हल्ली त्याच्या मनात पुन्हा काहीतरी शिजतंय. परवा पाना हातात घेऊन तो माझ्याकडे टक लावून पाहत होता. माझी तक्रार नाही. चौदा किलो म्हणजे चौदा किलोच. काढायचंच झालं तर खुशाल काढ, डॉक्टर. फक्त बोल्ट बाबांच्या हातात दे.