ठमाबाईचं मुकं औषध

कावीळ झाली की पोलादपूरपासून महाडपर्यंतचे लोक आंबेनळी घाटाखालच्या वाडीत ठमाबाईकडे येत. पहाटे कोणाशी चकार शब्द न बोलता ती रानात जाई, एक मूळ खणून आणी आणि उगाळून दुधातून देई. पैसा घ्यायचा नाही आणि मुळाचं नाव जिभेवर आणायचं नाही. नाव फुटलं की गुण गेला, असं सासूने मरताना बजावलं होतं. लोक त्याला मुकं औषध म्हणत. सेजल ही तिची एकुलती एक सून, पण तिलाही त्या मुळाचं नाव ठाऊक नव्हतं.

सेजलचा नवरा दीपेश महाडला एमआयडीसीत कामाला. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. केमोने भागेना, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपीची इंजेक्शनं सुरू केली. शरीराचीच फौज रोगावर सोडायची, असं त्यांनी समजावलं. आणि खरोखरच फरक पडला. रिपोर्ट सुधारले, दीपेश मासळी मागून जेवू लागला. ठमाबाईचं मात्र म्हणणं, सुई वरवरची, आतलं रक्त धुवायला मूळच हवं. मग दोन्ही चालू झालं. आईने तरी पोरासाठी हातावर हात ठेवून बसायचं कसं?

डॉक्टर दर खेपेला विचारत, झाडपाला काही घेता का? दीपेश नाही म्हणे. बोललं तर आईच्या औषधाचा गुण जाईल, ही त्याची भीती. आणि नवऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, ही सेजलची. मला दोघांचाही राग येतो. मरण दारात उभं असताना कसली आलीय भीडभाड!

मग दीपेशचे डोळे पिवळे झाले. दुसरी आई घाबरली असती, ठमाबाईला उलट हायसं वाटलं. कॅन्सर तिला कळत नव्हता, कावीळ कळत होती. तिने मूळ दुपटीने उगाळायला घेतलं.

मुंबईला डॉक्टरांना वाटलं, सोडलेली फौज लिव्हरवरच उलटली. तसं होतं कधी कधी. त्यांनी इंजेक्शनं थांबवली, दुसऱ्या गोळ्या दिल्या. पिवळेपणा वाढतच गेला. शेवटी सेजलने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी ठमाबाईला फोन लावला आणि समजावलं, की झाडपाल्याशी माझं वैर नाही, पण काय पोटात गेलंय ते कळलं तर दोष कशाचा ते शोधता येईल, कदाचित इंजेक्शन पुन्हा सुरू करता येईल. तूर्त मूळ बंद करा.

ठमाबाई म्हणाली, "नाव सांगून गुण घालवू, तर माझ्या पोराला वाचवील कोण?"

तिने नाव सांगितलं नाही. घरी परतल्यावरही सेजलची पाठ वळली की वाटी दीपेशच्या उशाशी येई, आणि तो ती मुकाट्याने रिकामी करी. "आईचं मन मोडवत नाय गो," एवढंच तो सेजलला म्हणाला, तेही वाटी तिच्या हाती लागली तेव्हा. तोवर लिव्हर गेलं होतं. इंजेक्शन देण्यासारखं काही उरलं नाही, आणि हटलेला कॅन्सर परत आला. दीपेश गेला. दोष मुळाचा की सुईचा, हे कोणालाच कधी कळणार नाही.

पुढे हिरकणीवाडीहून एक बाप पिवळ्या डोळ्यांची पोर घेऊन आला. ओटीवर शेजारपाजारचे बसले होते. ठमाबाई उठली, अंगणात उभी राहिली आणि तिने मुळाचं नाव मोठ्याने घेतलं. पुन्हा घेतलं. पार खालच्या घरांपर्यंत ऐकू गेलं. मी ते इथे लिहीत नाही, उद्या कोणीतरी कुदळ घेऊन निघायचा.

मग ती त्या बापाला म्हणाली, "गुण गेला आता. पोरीला म्हाडला ने. डाक्टर इचारतील काय काय दिलंस, तर समदं सांग. माझ्या पोराला मी सांगू दिलं नाय."