पातं खाली आलं तेव्हा

घरच्या कारखान्यात कागद कापायची यंत्रं बनत. नव्या यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड धाकट्या भावाने आखला आणि चिप निवडताना त्याची हौस आड आली. जुना बोर्ड वहिनीने आखलेला. ती म्हणाली होती, "भाऊजी, दोन्ही बटणं एकदम दाबली तरच पातं खाली, एवढंच तर काम. छोटी सीपीएलडी चिप पुरे. वीज आली की ती लगेच जागी."

"वहिनी, तुम्ही अजून कंदिलाच्या काळातच! मोठी एफपीजीए चिप घेऊ. अख्खा कारखाना मावेल तिच्यात."

"मावेल हो. पण आपल्याला पातं सांभाळायचंय."

दादा नुसता हसला. बायको आणि भाऊ यांच्या वादात तो कधी पडत नसे. धाकट्याचंच चाललं.

आता ही मोठी चिप उठते तेव्हा तिची पाटी कोरी असते. आपला धडा ती दर वेळी शेजारच्या मेमरीतून वाचून घेते. पापणी लवेतो वाचून होतो. पण तेवढ्या वेळात पात्याला हुकूम देणारा आपला पाय वर ठेवायचा की खाली, हे तिला ठाऊक नसतं. माहितीपत्रकात हे छापलेलं होतं. धाकट्याने वाचलंही होतं आणि एवढ्याशाने काय होतंय म्हणून पान उलटलं होतं.

चाचणीच्या दिवशी वहिनीने वायरी जोडल्या आणि दादाने पात्याखाली पुठ्ठा सरकवून हात मागे घेतला. धाकट्याने वीज सुरू केली. बटणांना कुणाचं बोटही लागलं नव्हतं, तरी पातं ठक्‌कन खाली आलं.

"अगं, वायरी कशा जोडल्यास?" दादा बायकोवर ओरडला.

धाकट्याला सगळं उमगलं होतं. त्याने तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "हो, वायरीच असतील."

धाकट्याने वीज बंद केली. वहिनी मीटर घेऊन गुडघ्यांवर बसली. एकेक वायर तपासली. सगळ्या ठीक. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "कुठे चुकले बाई मी," ती पुटपुटली.

धाकट्याला ते ऐकवेना. "वहिनी, पुरे. वायरी नाहीत. माझी चिप चुकली."

ती उठली. "कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. त्याची मान वर होईना. "ठक् झालं तेव्हाच."

"मग मला का शोधायला लावलंत?"

दादा आपला उजवा हात उलटसुलट करून बघत होता. "आणि मी हिच्यावर ओरडलो," एवढंच तो म्हणाला.

धाकट्याने गुडघे टेकले आणि आपला बोर्ड सोडवायला घेतला.